जालन्याची आगगाडी आणि घनसावंगीची दोन स्टेशने

(घनसावंगी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



आजच्या व्याख्यानासाठी रेल्वे हा विषय ठरला, तेव्हा घनसावंगीत रेल्वे कोठे आहे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तालुक्याच्या या गावी आगगाडी येत नाही, हे खरेच आहे. परंतु तालुक्याच्या उत्तर बाजूने लोहमार्ग जातो आणि त्यावरील रांजणी व पारडगाव ही दोन स्टेशने आपल्याच तालुक्यातील आहेत. पलीकडे परतूर आणि अलीकडे जालना. शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्या भागाचा बाहेरच्या जगाशी जो व्यवहार झाला, त्याचा मोठा हिस्सा या स्टेशनांतून झाला आहे. हा मार्ग कसा आला, त्याने काय दिले, काय दिले नाही, आणि येत्या काही वर्षांत त्याचे रूप पालटत असताना आपले कर्तव्य कोणते, याचा विचार आज करावयाचा आहे.

लोहमार्गापूर्वीचा काळ

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली प्रवासी आगगाडी धावली. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. आपल्या भागातील मालवाहतूक बैलगाड्यांवर आणि लमाण तांड्यांच्या बैलांवर चालत असे. मीठ आणि धान्य या तांड्यांनीच दूरदूर पोहोचविले. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल झाला की गाडीवाटा बंद पडत. एका भागात धान्य पडून आहे आणि दुसऱ्या भागात माणसे उपाशी आहेत, अशी स्थिती दुष्काळात होई, ती याच कारणाने. १८८० च्या दुष्काळ आयोगाने लोहमार्ग वाढविण्याचा आग्रह धरला, त्यामागे हाच अनुभव होता.

हैदराबाद संस्थानातील पहिला लोहमार्ग १८७४ मध्ये, सर सालारजंग यांच्या दिवाणगिरीच्या काळात, वाडी ते सिकंदराबाद असा सुरू झाला. मुंबई-मद्रास या मुख्य मार्गास राजधानी जोडणे हा त्याचा हेतू होता. पुढे निजाम गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी स्थापन झाली व तो मार्ग पूर्वेकडे बेझवाड्यापर्यंत, म्हणजे आजच्या विजयवाड्यापर्यंत गेला. मराठवाड्याच्या वाट्यास मात्र आणखी काही वर्षे वाट पाहणे आले.

गोदावरी खोऱ्याचा मार्ग

मराठवाड्यास आगगाडी मिळाली ती हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेमुळे. हैदराबादेहून निघून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना व औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) या गावांवरून मनमाडला पोहोचणारा हा ३९१ मैलांचा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला झाला. जालन्यास आगगाडी आली ती १९०० मध्ये. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ नुकताच होऊन गेलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या मार्गाचे मोल त्या पिढीला किती वाटले असेल, याची कल्पना येते.

या मार्गाच्या नावात गोदावरी आहे. परंतु आपल्या भागात तो नदीपासून बराच दूर राहतो. गोदावरी आपल्या तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते आणि लोहमार्ग उत्तरेकडून जातो. जालन्यापुढे परतूर व सेलूकडे जाताना तो दुधनेच्या खोऱ्याची दिशा धरतो. परिणाम असा की, गोदाकाठची सुपीक गावे, समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव आणि खुद्द घनसावंगी ही सर्व लोहमार्गापासून बाजूस पडली. या गावांचा आगगाडीशी संबंध आला तो स्टेशनपर्यंतच्या रस्त्याच्या मार्फत. आपल्या तालुक्याच्या रेल्वेचा इतिहास म्हणूनच निम्मा रुळांचा आणि निम्मा रस्त्यांचा आहे.

जालन्याचा उत्कर्ष

लोहमार्गाचा लाभ जालन्याने पुरेपूर घेतला. कापसाची ही जुनी बाजारपेठ. आगगाडी येताच तेथे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. एकट्या जालन्यात त्या सुमारास ९ जिनिंग आणि ५ प्रेसिंग कारखाने निघाले. १९०१ मध्ये जिल्ह्यातील अशा कारखान्यांतून १,०१६ माणसे काम करीत होती, अशी नोंद आहे. हा आकडा आज लहान वाटेल. परंतु शेतीखेरीज मजुरी ठाऊक नसलेल्या त्या काळी एका हंगामात एवढ्या कुटुंबांच्या हाती रोख पैसा पडणे ही मोठी घटना होती. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपण ऐकतो; ती खरी ठेवण्याचे काम विसाव्या शतकात या स्टेशनाने केले.

घनसावंगी-अंबड भागातील कापूस बैलगाड्यांनी जालन्याकडे जाऊ लागला. येताना गाडीत मीठ, कापड, लोखंडी अवजारे, रॉकेल येई. शेतकऱ्याला मुंबईच्या भावाची वार्ता व्यापाऱ्याकडून का होईना, कळू लागली. बाजार जवळ आला, तशी बाजाराची तेजीमंदीही जवळ आली. लोहमार्ग दोन्ही गोष्टी एकाच गाडीतून आणतो, हे विसरून चालणार नाही.

या सुखसोयीस एक मोठी अडचण मात्र जडलेली होती. मुंबईकडून येणारा मार्ग ५ फूट ६ इंचांचा ब्रॉडगेज आणि आपला मार्ग एक मीटरचा. त्यामुळे मनमाडला सर्वांना उतरावेच लागे. प्रवासी बोचकी उचलून दुसऱ्या फलाटाकडे धावत. कापसाच्या गाठी एका डब्यातून काढून दुसऱ्यात भराव्या लागत. त्यात वेळ जाई, हमाली पडे, माल खराब होई. त्यातच ब्रिटिश मुलखातून संस्थानात माल आणताना करोडगिरी, म्हणजे जकात भरावी लागे, आणि नाणेही बदले, कारण संस्थानात हाली सिक्का चालत असे. मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यामध्ये असा गेजचा, जकातीचा आणि नाण्याचा तिहेरी अडसर होता. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यानंतर जकात गेली, नाणे गेले. गेजचा अडसर आणखी सुमारे पंचेचाळीस वर्षे टिकला.

रेल्वे आणि मोटार एका हाती

या इतिहासातील एक प्रकरण आजही बोध घेण्यासारखे आहे. १९३० मध्ये संस्थान सरकारने कंपनीकडून रेल्वे आपल्या ताब्यात घेतली आणि निजाम स्टेट रेल्वे अस्तित्वात आली. दोनच वर्षांनी, जून १९३२ मध्ये, या रेल्वेने आपलाच रस्ता-वाहतूक विभाग सुरू केला. आरंभी त्यात २७ मोटारगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. सरकारी प्रवासी मोटारसेवेचा हा भारतातील अगदी आरंभीचा प्रयोग. मुंबई राज्याची पहिली एस.टी. पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती त्यानंतर सोळा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी.

रेल्वेनेच मोटारी का चालवाव्यात, याचे उत्तर सोपे आहे. लोहमार्ग गावोगाव नेता येत नाही. गावाचा माणूस स्टेशनपर्यंत आणता येतो. रूळ आणि रस्ता यांचे वेळापत्रक एकाच कचेरीत तयार झाले, तर प्रवाशाची खोटी होत नाही. पुढे राज्ये बदलली, कारभार वेगळे झाले. रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत, २ ऑक्टोबर १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वेत गेली, आणि १ एप्रिल २००३ पासून आपली स्टेशने नांदेड विभागात आली. मोटारसेवा एस.टी. महामंडळाकडे गेली. दोन्ही संस्थांनी आपापल्या परीने मोठे काम केले. तथापि एस.टी. सुटण्याची वेळ आणि गाडी येण्याची वेळ यांची सांगड घालणारे त्यांच्यामधील टेबल तेव्हापासून रिकामे झाले.

एकेरी मार्ग आणि लहान स्टेशन

आता एक तांत्रिक गोष्ट समजावून घेऊ, कारण पुढचे सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. रांजणी आणि पारडगाव यांच्यासारखी लहान स्टेशने मुळात का बांधली गेली? गावाची सोय हे एक कारण होते; परंतु ते एकमेव नव्हते. आपला मार्ग एकेरी आहे. एकाच रुळावरून दोन्ही दिशांच्या गाड्या जावयाच्या, तर त्यांना एकमेकींस वाट देण्यासाठी ठरावीक अंतरावर दुसरा रूळ हवा. असा रूळ म्हणजेच स्टेशन. पूर्वी गाडीच्या चालकास पुढच्या स्टेशनपर्यंत जाण्याचा परवाना म्हणून कडीत घातलेला एक धातूचा गोळा मिळत असे. तो हाती असल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नसे, आणि एका वेळी त्या टप्प्यासाठी एकच गोळा यंत्रातून बाहेर निघे. समोरासमोर टक्कर टाळण्याची ही साधी आणि भरवशाची युक्ती होती. गोळा देण्याघेण्यासाठी प्रत्येक स्टेशनवर रात्रंदिवस माणूस लागे. म्हणजे स्टेशनमास्तर, पॉइंट्समन आणि दिवा घेऊन उभा असलेला गडी हे सर्व गाडीच्या गरजेसाठी तेथे होते. त्यांच्या आधाराने गावाला तिकीट, थांबा आणि पार्सलची सोय मिळाली.

गावांना ही सोय इतकी अंगवळणी पडली की ती कायमचीच आहे, असे वाटू लागले. प्रत्यक्षात ती एकेरी मार्गाची देणगी होती.

रुंदीकरण : लाभ आणि हानी

मीटरगेजच्या ब्रॉडगेजमध्ये रूपांतराची मागणी मराठवाड्याने अनेक वर्षे केली. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने ती सातत्याने मांडली. १९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच गेज ठेवण्याचे धोरण हाती घेतले आणि त्या दशकात मनमाड ते परभणी व पुढचा मार्ग रुंद झाला. मनमाडची उतरचढ संपली. मुंबईहून थेट गाड्या आल्या. देवगिरी आणि तपोवन ही नावे घरोघरी झाली. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत नेण्यात आली. ज्या पिढीने मनमाडच्या फलाटावर रात्री काढल्या, तिला हा पालट स्वप्नवत वाटावा.

परंतु प्रत्येक सुधारणेत कोणाचे तरी काही जाते. पूर्णा हे मीटरगेजचे मोठे केंद्र होते. वाफेच्या इंजिनांची शेड आणि रेल्वेची वसाहत यांवर ते गाव उभे होते. इंजिने गेली, तसा त्या गावाचा गजबजाट ओसरला. लहान स्टेशनांचेही असेच झाले. गाड्यांची गती वाढली, लांब पल्ल्याच्या गाड्या वाढल्या आणि लहान ठिकाणी थांबणे त्यांना परवडेनासे झाले. लहान स्टेशनांचा सारा भार पॅसेंजर गाड्यांवर राहिला.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा या भाराची जाणीव झाली. पुढे अनेक पॅसेंजर गाड्या एक्सप्रेसच्या भाड्याने धावू लागल्या. जेथे किमान १० रुपयांत जाता येत असे, तेथे किमान ३० रुपये द्यावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुने भाडे पुन्हा लागू झाले. मधल्या काळात ज्यांनी मोटारसायकल घेतली किंवा काळीपिवळी जीप धरली, ते सर्वच परत आले, असे नाही. रोज जालन्यास कामाला जाणाऱ्या मजुराच्या दृष्टीने जाण्यायेण्याचे वाढीव ४० रुपये म्हणजे मजुरीचा लहानसा भाग नव्हे.

दुहेरीकरणाचा प्रश्न

अशा वेळी पुढचा मोठा पालट समोर येऊन ठेपला आहे. ३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणास मंजुरी दिली. त्यापूर्वी ऑगस्ट २०२४ मध्ये जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गासही मंजुरी मिळाली होती. ही दोन्ही कामे जालन्याला मोठे जंक्शन करतील. आपल्या मोसंबीला, कापसाला, सोयाबीनला उत्तरेची बाजारपेठ जवळ येईल. या कामांचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि मघाच्या तांत्रिक गोष्टीकडे पुन्हा वळू. मार्ग दुहेरी झाला म्हणजे जाणाऱ्या गाडीचा रूळ वेगळा आणि येणाऱ्या गाडीचा वेगळा. समोरच्या गाडीसाठी रांजणीला किंवा पारडगावला थांबण्याचे कारण उरत नाही. गाडीच्या गरजेसाठी जे स्टेशन होते, ते यापुढे प्रवाशाच्या गरजेवर टिकावयाचे आहे. थांबा द्यावा किंवा काढावा, हे ठरविताना तेथे किती तिकिटे खपतात, हे पाहिले जाते. आपल्या स्टेशनवर तिकीट न काढता गाडीत बसणारा माणूस भाडे तर बुडवतोच, शिवाय आपल्याच गावाच्या थांब्याविरुद्ध मत नोंदवून जातो.

आपण काय करावे

पहिले काम रस्त्यांचे. स्टेशनला जाणारा प्रत्येक रस्ता बारमाही हवा, त्यावर दिवे हवेत आणि स्टेशनबाहेर वाहन वळविण्यास जागा हवी. ही कामे ग्रामपंचायत आणि पंचायत समिती यांच्या आराखड्यात बसण्यासारखी आहेत. ती रेल्वेच्या हद्दीबाहेरची असल्याने त्यासाठी रेल्वेची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे काम वेळेचे. एस.टी.च्या आगारप्रमुखाकडे सर्वसाधारण तक्रार नेण्याऐवजी, अमुक गाडीस अमुक गावचे इतके प्रवासी असतात, असा महिनाभराचा तक्ता न्यावा. १९३२ मध्ये जे एका कचेरीत होत असे, ते आज दोन कचेऱ्यांमध्ये बसून आपणच घडवून आणले पाहिजे.

तिसरे काम दुहेरीकरणाच्या आखणीसंबंधी. मार्ग दुहेरी होताना जुनी रेल्वे फाटके बंद करून त्यांच्या जागी भुयारी मार्ग किंवा पूल करण्याकडे कल असतो. भुयारी मार्गातील पाणी वाहून जाण्याची सोय नीट झाली नाही, तर पावसाळ्यात तो ओढा बनतो आणि पलीकडची शेती तुटते. कापसाची गाडी, उसाचा ट्रॅक्टर, शाळेची मुले कोठून आणि केव्हा ओलांडतात, हे नकाशावर दिसत नाही. ते गावाला माहीत असते. ग्रामसभेने ही माहिती ठरावाच्या रूपाने, गट क्रमांकांसह, जिल्हा प्रशासनामार्फत वेळीच पाठवावी. काम झाल्यावर केलेल्या मोर्चापेक्षा काम होण्यापूर्वी दिलेला एक अचूक ठराव अधिक उपयोगी पडतो.

ज्यांची जमीन लागणार असेल, त्यांनी सातबारा उताऱ्यावरील वारसांच्या नोंदी आताच पूर्ण करून घ्याव्यात. मृत वडिलांच्या नावावर राहिलेली जमीन संपादनात गेली म्हणजे मोबदला वर्षानुवर्षे अडकतो आणि भावाभावांत वाद उभे राहतात. तलाठी व मंडळ अधिकारी यांनी या गावांसाठी नोंदींची खास शिबिरे घेतली, तर शेकडो कुटुंबांचे हित साधेल.

चौथे काम शिक्षकांचे. घर ते शाळा या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत रेल्वेचा द्वितीय वर्गाचा मासिक पास विनामूल्य मिळतो. त्यासाठी शाळेचे प्रमाणपत्र लागते. जालन्यास किंवा परतूरला शिकावयास जाणाऱ्या मुलीच्या आईबापांपुढे भाड्याचा प्रश्न असतो आणि एवढ्या कारणाने शिक्षण थांबलेल्या मुली आपल्या पाहण्यात असतात. मुख्याध्यापकांनी ही सवलत प्रत्येक पालकास समजावून सांगितली, तर मुलीचे शिक्षण चालू राहील आणि त्या स्टेशनच्या प्रवासीसंख्येची नोंदही वाढेल.

आणखी एक सूचना. रांजणी, पारडगाव व परतूर या परिसरातील शाळांनी आपल्या स्टेशनचा इतिहास विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा. मीटरगेजच्या काळातील माणसे अजून आहेत. जाड पुठ्ठ्याची तिकिटे, गाठी चढविणारे हमाल, गोळा झेलणारा चालक, दुष्काळात धान्य घेऊन आलेली गाडी यांच्या आठवणी त्यांच्यापाशी आहेत. दुहेरीकरणात जुन्या इमारती पाडल्या जातील, फलाट बदलतील. त्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, पाट्यांची व बांधकामाची नोंद करावी.

मित्रहो, १९०० मध्ये जो मार्ग आला, तो कोठून जावा, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी विचारले नव्हते. तो निर्णय हैदराबादेत आणि लंडनच्या कंपनीच्या कचेरीत झाला. आज ग्रामसभा आहे, पंचायत समिती आहे, जिल्हा नियोजन समिती आहे. आपले म्हणणे मांडण्यास जागा आहे आणि काम अद्याप व्हावयाचे असल्याने वेळही आहे. येत्या ग्रामसभांच्या विषयपत्रिकेवर स्टेशनचा रस्ता, रेल्वे ओलांडण्याच्या जागा आणि विद्यार्थ्यांचे पास हे तीन विषय घ्यावेत, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.